साडूंच्या गाडीतली गळती

जेवणाच्या टेबलाखालून बायकोने पाय दाबला, तेव्हाच गळतीसाहेबांनी तोंड आवरायला हवं होतं. पण तोंड आवरण्याचा पाना काही त्यांच्या पेटीत नव्हता.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "दोन-स्ट्रोक इंजिन तर आहे. न्या म्हणाल तर आत्ता नेतो. पुढच्या रविवारी चालू करून तुमच्या हातात."

टेबल साडूंचं होतं, जेवणही साडूंकडचं, आणि दोन भांड्यांच्या मध्ये उभी असलेली गाडीसुद्धा साडूंचीच. कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी लांब, चार जाड रबरी चाकं, आणि पोटात आगपेटीएवढं खरंखुरं इंजिन. बॅटरीवर घुंई-घुंई करणारं खेळणं नव्हे. हिला इंधनाची टाकी होती, कार्ब्युरेटर होता, सायलेन्सर होता, आणि दूर उभं राहून रिमोटने चालवायची होती. साडूंनी हौसेने घेतली, क्लबमध्ये नाव घातलं, रविवारच्या शर्यतीत भाग घेतल्याचं चार लोकांना सांगितलं, आणि तेव्हापासून पंधरा दिवस ते नुसती तिची इंजिन सुरू करायची दोरी ओढत होते. गाडी हूं की चूं करत नव्हती. साडूंचा खांदा मात्र बोलायला लागला होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. साडू म्हणजे हातात जादू असलेला माणूस. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल, स्वतःचं छोटं गॅरेज. बावीस वर्षांत गळतीसाहेबांची स्कूटर, पंखा, दाराचं कुलूप, सगळं साडूंनी दुरुस्त केलं होतं. एवढंच काय, गळतीसाहेबांच्या बाथरूमचं छत गळत होतं तेही साडूंनीच बाह्या सरसावून एका दुपारी बंद केलं. आणि गळतीसाहेब नोकरीला कुठे, तर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, गळती प्रतिबंधक विभागाचे प्रमुख म्हणून. ती छताची गोष्ट प्रत्येक कौटुंबिक जेवणात एकदा तरी निघायची, आणि सगळे हसून झाले की गळतीसाहेबांना हसावं लागायचं. बावीस वर्षं 'थँक्यू, साडूभाऊ' म्हणून म्हणून त्यांची जीभ झिजली होती. एकदा, फक्त एकदा, हे शब्द समोरून ऐकायला मिळावेत एवढीच त्या माणसाची इच्छा होती. म्हणून ती गाडी त्यांनी पिशवीत घातली आणि घरी आणली.

घरी आल्यावर त्यांनी फाइल उघडली. विषय: साडूंची गाडी. फाइल उघडल्याशिवाय त्यांना पंखाही पुसता यायचा नाही.

गाडीबरोबर माहितीपुस्तिका होती. ती सात भाषांत छापलेली होती आणि त्यांतली एकही लिहिणाऱ्याची स्वतःची नसावी. गळतीसाहेबांनी ती लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना इतकं समजलं की ते कुणाला तरी सांगितल्यावाचून त्यांना राहवेना. समोर बायको होती. ती बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. कपडे सैल-घट्ट करून देणं हा तिचा व्यवसाय. दारावरच्या पाटीवर 'घट्ट' हा शब्द केवळ शोभेला होता. घट्ट करून घ्यायला वर्षातून एखादाच माणूस यायचा आणि तोही आजारातून उठलेला असायचा.

"ह्या इंजिनाला ठिणगी नसते," गळतीसाहेब म्हणाले. "ग्लो प्लग असतो. आत तारेची एवढीशी गुंडाळी. सुरुवातीला बॅटरीची क्लिप लावून ती तार लाल करायची. दोरी ओढली की आतलं इंधन दाबलं जातं, तारेला लागून पेटतं, इंजिन सुरू. मग क्लिप काढून घ्यायची."

"क्लिप काढल्यावर तार विझत नाही?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. आत एकसारखं पेटतंय, त्याच धगीवर तार लाल राहते."

"म्हणजे पहिला धक्का आपण द्यायचा, पुढचं त्याचं तो बघणार."

"अगदी बरोबर. साडूंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या नेमकं उलट."

इंधन म्हणजे पेट्रोल नव्हतं. एक प्रकारचं स्पिरिट, त्यात नायट्रो नावाचं जहाल रसायन, आणि त्यातच मिसळलेलं तेल. हे नवव्या पानावर होतं. गळतीसाहेबांनी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं. अधोरेखित केलं की समजलं, असं मानायची त्यांना ऑफिसातली सवय होती. पुढचा सगळा अनर्थ त्या सवयीतून झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गॅलरीत दोन जाड शब्दकोश ठेवले आणि चाकं अधांतरी राहतील अशी गाडी त्यांच्यावर बसवली. दोरी ओढली. दोरी दोन बोटं आली आणि दगडासारखी थांबली. समोरच्या बिऱ्हाडातले दाताचे डॉक्टर कुठे काही उघडतंय म्हटलं की हजर असत. ते आलेच.

"काय काढताय?"

"काढत नाही, चालू करतोय."

"प्लग काढा," डॉक्टर म्हणाले. "माझा अनुभव सांगतो. जे त्रास देतं ते आधी बाहेर काढावं. मग विचार करावा."

आश्चर्य म्हणजे पुस्तिकाही हेच म्हणत होती. साडूंनी पंधरा दिवसांत आत इतकं इंधन ओतून ठेवलं होतं की वरती यायला दट्ट्याला जागाच उरली नव्हती. वायू दाबला जातो, पातळ पदार्थ दाबला जात नाही. हे तर पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला झोपेतही ठाऊक. गळतीसाहेबांनी प्लग काढला, आव आणून दोरी ओढली, आणि त्या भोकातून इंधनाची जी पिचकारी उडाली ती थेट खालच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली.

"आत कफ साठला होता," डॉक्टरांनी निदान केलं आणि शहाण्या माणसासारखे ते कठड्यापासून चार पावलं मागे सरकले.

प्लग परत बसवला. क्लिप लावली. दोरी ओढली, आणि काय सांगावं! डासाने कर्णा तोंडाला लावावा तसा आवाज गॅलरीत भरून गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या. डॉक्टरांनी कानात बोटं घातली. इतकी वर्षं ह्याच आवाजाने आपण लोकांना छळतो हे त्यांच्या बहुधा तेव्हा लक्षात आलं. बायको गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून धावत आली. गळतीसाहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. साडूंना जे पंधरा दिवसांत जमलं नाही ते त्यांनी पंधरा मिनिटांत केलं होतं.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांची नजर सायलेन्सरच्या टोकाकडे गेली. तिथून निळा धूर येत होता, आणि धुराबरोबर तेल. थेंब. टप. टप.

गळती!

ज्या माणसाने एकतीस वर्षं शहरातले नळ बंद केले त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या स्वतःच्या गॅलरीत, ही गळती. गळतीसाहेबांचा हात म्हणजे काय चीज होती हे बाहेरच्यांना ठाऊक नाही. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडता येत नसे. साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की बायको बरणी घेऊन डॉक्टरांकडे जायची, आणि डॉक्टर ती दात उपटायच्या पवित्र्यात उघडून द्यायचे. रोजचं होतं ते.

त्यांनी शिस्तीत बशी आणून सायलेन्सरखाली ठेवली, घड्याळ काढलं आणि मोजलं. मिनिटाला चौदा थेंब. फाइलमध्ये नोंद केली. मग पुस्तिकेतला मिश्रणाचा स्क्रू शोधला, ज्याने इंधन कमी-जास्त होतं, आणि पाव फेरा आवळला. नऊ थेंब. आवाज चढला. आणखी पाव फेरा. तीन थेंब. आवाज असा चढला की खालून कुणीतरी दार आपटलं.

"अहो, किंचाळतंय ते," बायको म्हणाली.

"किंचाळत नाही, सुधारतंय," गळतीसाहेब म्हणाले आणि त्यांनी शेवटचा पाव फेरा आवळला. थेंब थांबले. धूर थांबला. 'गळती शून्य' असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

नेमकं तेव्हा इंजिन इतकं वेगात गेलं की अधांतरी चाकं आपोआप गरगरायला लागली. गाडीने शब्दकोशांवरून उडी मारली, डॉक्टरांच्या दोन पायांमधून ती दिवाणखान्यात शिरली, टेबलाला वळसा घालून शिलाई मशीनखाली घुसली आणि तिथे घडी करून ठेवलेल्या एका पँटमध्ये स्वतःला गुंडाळून घेऊन गप्प झाली. पँट सेक्रेटरींची होती. कमरेत सैल करायला आली होती. आता ती गुडघ्यातही हवेशीर झाली.

गळतीसाहेबांनी गाडी उचलली आणि ताबडतोब खाली ठेवली, कारण इंजिनाला हात लागल्यावर बोटाची कातडी भाजून निघाली. थोड्या वेळाने दोरी ओढली. हलेना. गाडीवर पाय रोवून जोर लावला. दोरी तुटून हातात आली आणि साहेब मागच्या मागे चिंध्यांच्या टोपलीत बसले. डॉक्टर हळूच म्हणाले, "मुळापासून निघाली," आणि चप्पल घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची नोटीस आली. 'विषय: आपल्या गॅलरीतून होणारी तेलगळती व आवाज.' तीन प्रती, एक डॉक्टरांना साक्षीदार म्हणून. चादरी दोन, पँट एक. खुलासा तीन दिवसांत करावा. संबंधित यंत्र इमारतीच्या आवारात पुन्हा चालू करू नये. करायचंच असल्यास गळती नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

गळतीसाहेबांनी आयुष्यात अशा हजारो नोटिसा पाठवल्या होत्या. स्वतःच्या नावाची पहिल्यांदाच वाचली. त्यातही मसुदा चांगला होता, एकही चूक सापडली नाही, ह्याचं दुःख अधिक. आणि सक्षम अधिकारी कोण? शहरात गळती नसल्याचा दाखला देणारा एकच माणूस होता. बुधवारी ऑफिसात जाऊन गळतीसाहेबांनी गळतीसाहेबांकडे रीतसर अर्ज केला. मग खुर्चीत बसून तो वाचला. शिक्का समोर होता, शिपाई रजेवर होता, कुणी बघत नव्हतं. पण मिनिटाला चौदा थेंब त्यांनी स्वतः मोजले होते. त्यांनी सुस्कारा टाकला आणि 'पाहणीत गळती आढळली, सबब अर्ज नामंजूर' असं लिहून खाली सही केली. संध्याकाळी घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "माणूस कडक आहे. ऐकत नाही."

शनिवारी दुपारी साडूंचा फोन आला.

"साडूभाऊ, झाली का गाडी? नसेल झाली तर अजिबात त्रास घेऊ नका हं. माझा मेकॅनिक बघेल. तुम्ही कशाला उगाच ह्या भानगडीत पडलात?"

शब्दांत टोचणारं काही नव्हतं. आवाजात मायाच होती. छत दुरुस्त करताना होती तीच.

"त्रास कसला?" गळतीसाहेब म्हणाले. "पळतेय नुसती. उद्या सकाळी मैदानावर भेटू."

फोन ठेवला आणि ते टेबलावरच्या गाडीकडे बघत बसले. दोरी नाही. प्लग काढून पाहिला तर आतली तार तुटलेली. चालवून बघायला परवानगी नाही. आता परत 'थँक्यू, साडूभाऊ' म्हणायचं, आणि वर एका नव्या गोष्टीवर जन्मभर हसायचं. छताला जोडीला गाडी मिळणार होती. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

बायको पँटच्या भोकाला आतून ठिगळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मला एक सांगा. ह्या इंजिनात तेल कुठून घालतात?"

"वेगळं घालत नाहीत. इंधनातच मिसळलेलं असतं. पान नऊ."

"बरं. मग तुम्ही इंधन आवळलंत, तेव्हा तेल कुठून गेलं आत?"

गळतीसाहेबांनी फाइल उघडून 'गळती शून्य' ही नोंद पुन्हा वाचली.

"मी नवीन मशीन आणलं तेव्हा आठवतंय?" ती म्हणाली. "तेल ठिबकेपर्यंत घातलं होतं. आणि पहिले आठ दिवस गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावला नाही, नुसत्या चिंध्या शिवल्या, हळूहळू. तुम्ही तेव्हाही ओरडला होतात, तेल फुकट घालवतेस म्हणून. ते मशीन अजून चालतंय."

गळतीसाहेबांनी पुस्तिका ओढली. पान बारा. नवीन इंजिन पहिल्या काही टाक्या सैल मिश्रणावर चालवावं. धूर दिसला पाहिजे, तेल पडलं पाहिजे. आत जाणारं जादा इंधन त्याला थंड ठेवतं आणि त्यातलं तेल त्याला ओलं ठेवतं. ह्याही वाक्याखाली लाल रेघ होती. त्यांनीच मारलेली.

"म्हणजे ती गळती नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले.

"नव्हती."

"मी त्याचं तेल बंद केलं."

"तुम्ही काय बंद करत नाही?" बायको म्हणाली, पण चहा ठेवायला उठली.

डब्यात जादा प्लग होता. प्लग काढून बोटाने चक्र फिरवल्यावर थंड झालेलं इंजिन कुरकुरत का होईना, सुटलं. दोरीच्या जागी बायकोने जाड कापडाच्या पिशव्यांना लावायचा मेणाचा दोरा चौपदरी पिळून बसवला आणि तिची ती गाठ मारली, जी तिच्या गिऱ्हाइकांच्या बटणांनाही आजवर सोडवता आलेली नव्हती.

रविवारी मैदानावर साडू आधीच येऊन थांबले होते. मेव्हणीही होती. क्लबची दहा-बारा माणसं हातात रिमोट घेऊन उभी. गळतीसाहेबांनी गाडी जमिनीवर ठेवली, स्क्रू पूर्ण बंद केला आणि पुस्तिकेप्रमाणे उघडायला लागले. साडेतीन फेरे सांगितले होते. एक. दोन. अडीचवर त्यांचा हात थांबला. एकतीस वर्षांत त्या हाताने काही उघडलेलं नव्हतं.

"अजून," मागून बायको म्हणाली.

तीन. साडेतीन. त्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदाही नाही. क्लबची माणसं दुसरीकडे बघायला लागली, आणि ते बघत राहण्यापेक्षा वाईट होतं.

साडू पुढे झाले, बाह्या सरसावल्या. "द्या इकडे, साडूभाऊ. मी बघतो."

बावीस वर्षं हे वाक्य ऐकलं की गळतीसाहेब बाजूला व्हायचे. आजही त्यांचा एक पाय मागे गेला. मग त्यांना खिशात काहीतरी टोचलं. त्यांनी हात घातला. बॅटरीची क्लिप! प्लगला ती लावलीच नव्हती.

"थांबा," ते साडूंना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "पहिला धक्का आपणच द्यायचा असतो."

क्लिप लावली, दोरी ओढली, आणि इंजिन भरभरून धूर सोडत जिवंत झालं. तेलाचे थेंब गळतीसाहेबांच्या पांढऱ्या बुटांवर पडले. सवयीने त्यांनी मोजले. मिनिटाला चौदा. सवयीने हात स्क्रूकडे गेला. त्यांनी तो हात पकडून खिशात घातला.

"धूर फार येतोय," साडू म्हणाले. "जरा आवळू का?"

"हात लावायचा नाही! ती गळती नव्हे. त्याचं पोट भरतंय ते."

शर्यतीत साडूंची गाडी शेवटची आली. मधल्या वेळात तीन गाड्या तापून बंद पडल्या, एक झाडावर आपटली, आणि साडूंची धूर ओकत, तेल गाळत, मिरवणुकीतल्या पाहुण्यासारखी सावकाश सगळ्या फेऱ्या पुऱ्या करून परत आली. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असेल, पण होतं.

"थँक्यू, साडूभाऊ," साडू म्हणाले. "खरंच. मला नसतं जमलं."

ह्या वाक्याचं उत्तर गळतीसाहेबांनी बावीस वर्षं घोटून ठेवलेलं होतं. त्यात 'त्यात काय एवढं' होतं आणि छताचा एक सूचक उल्लेखही होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि स्वतःच्या अर्जावर खोटी सही न करणारा तो माणूस म्हणाला, "तेल कुठून जातं ते हिला दिसलं. मी नुसतं आवळत होतो."

"मला वाटलंच होतं, भाऊजी," मेव्हणी म्हणाली. सगळे हसले. गळतीसाहेबही हसले, आणि ह्या वेळी त्यांना कुणी हसायला लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहासाठी साखरेची बरणी घेतली. सवयीप्रमाणे बरणी पोटाशी धरली, दात आवळले आणि सगळा जोर लावून झाकण पिळलं. झाकण अलगद बसवलेलं होतं. ते हातात आलं आणि बरणीतली साखर ओट्यावर, जमिनीवर, तिच्या पायांवर पसरली.

पायांवरची साखर तिने झटकली. मग बाहेर येऊन तिने विचारलं, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

गळतीसाहेब पेपर वाचत होते. कुंचा आणायला उठता उठता ते म्हणाले, "सैल ठेवायला आत्ताच लागलोय. पहिले आठ दिवस थोडं सांडणारच."